न घेतलेलं व्रत

बेल्ह्याच्या बाजारपेठेत आमचं दोरांचं दुकान आहे. कासरे, दावी, वेसणी, म्होरक्या, घुंगूरमाळा, पोळ्याच्या सुमारास रंगीत गोंडे. बैलबाजार मोठा, त्यामुळे तीन पिढ्या यावरच निघाल्या. आजोबा राजस्थानातून आले, वडील इथेच जन्मले, आणि माझ्या तोंडी तर मराठीशिवाय दुसरी भाषा नीट बसतही नाही. चाबूक मात्र आमच्या दुकानात कधी टांगला गेला नाही. आईने टांगू दिला नाही. गिऱ्हाईक चाबूक मागायचं, मी नाही म्हणायचो, आणि ते शेजारी जाऊन चाबकाबरोबर कासराही तिथूनच घ्यायचं. एवढं सोडलं तर आईने धंद्यात कधी तोंड घातलं नाही.

आईला आम्ही बाई म्हणायचो. तिला जाऊन दोन वर्षं झाली. अजूनही लग्नाकार्यात कुणीतरी भेटतं आणि विचारतं, "तुमच्या मातोश्रींनी संथारा घेतला होता ना एकदा?" कुणी हात जोडून विचारतं. कुणी जरा खोचकपणे, "मग उठल्या म्हणे." मी मान हलवतो आणि ताटाकडे बघतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. संथारा म्हणजे आयुष्याच्या शेवटी, देह आता राहणार नाही असं दिसल्यावर, पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या इच्छेने अन्न सोडण्याचं व्रत. ते साधू-साध्वींकडून मागून घ्यावं लागतं. आम्हा जैनांत त्याच्याइतकं मोठं काही नाही.

बाईने ते कधीच घेतलं नव्हतं. तिने अन्न सोडलं ते आजाराने, आणि ते आजाराने आहे हे त्या वेळी घरात एकट्या मला कळत होतं. ही दोन वाक्यं लिहायला मला पाच वर्षं लागली.

बाईचं दुखणं सुरू झालं तेव्हा ती सहासष्ट वर्षांची होती. आधी बोटं धरली. सकाळी कणीक मळता येईना. मग तोंडात फोड येऊ लागले, भांगातले केस गेले. दुपारी गच्चीवर कुरडया घालायला बसली की संध्याकाळी गाल आणि गळा लालभडक. आम्ही सगळ्यांनी मिळून एकच उत्तर दिलं, वय झालं. गावातल्या डॉक्टरांनी वाताच्या गोळ्या दिल्या. वडील गेल्यापासून घरातले मोठे माझे काका, त्यांनी कुठलंसं तेल आणून दिलं. असं वर्ष गेलं. पाय सुजून चपला चढेनात तेव्हा मी आणि बायको तिला पुण्याला घेऊन गेलो. तिथे बाटल्या भरभरून रक्त काढलं आणि आजाराचं नाव कळलं, ल्युपस.

तिथल्या डॉक्टर मॅडम शांत बोलणाऱ्या होत्या. म्हणाल्या, यात शरीराची राखण करणारी ताकद शरीरावरच उलटते. बहुतेक तरुण बायकांना होतो. म्हातारपणी झाला तर दबकत येतो, आणि घरचे सगळं वयावर ढकलतात. मग त्यांनी बाईला आणि बायकोला वजन करायला बाहेर पाठवलं आणि मला थांबवलं.

"हा आजार मेंदूपर्यंत जाऊ शकतो," त्या म्हणाल्या. "जाईलच असं नाही. पण आई गप्प झाल्या, संशय घ्यायला लागल्या, नसलेलं दिसायला-ऐकू यायला लागलं, फिट आली, तर म्हातारचळ म्हणून बसू नका. त्याच दिवशी घेऊन या. उपचार आहेत. गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत." हे सगळं त्यांनी एका कागदावर लिहूनही दिलं.

त्या दिवसांत माझ्या मुलीचं लग्न जमत होतं. नगरकडचं घर, चांगलं, शिकलेलं. अजून होकार आला नव्हता. मेंदू हा शब्द मी केबिनमध्येच गिळला. लोक एक शब्द धरतात आणि पुढचं स्वतःच जुळवतात. मेंदूचा आजार, म्हणजे वेड, म्हणजे घराण्यात वेड.

गाडीत बायकोने विचारलं, "काय म्हणाल्या एकट्याला?"

"वातच आहे म्हणाल्या. जरा वेगळ्या जातीचा."

पुढच्या सीटवरून बाई म्हणाली, "मग तेलच चोळलं असतं. उगाच एवढं रक्त काढून घेतलं त्यांनी." आम्ही तिघंही हसलो. कागद माझ्या खिशात होता. घरी आल्यावर तो मी दुकानात, गोंड्यांच्या खोक्यात सगळ्यात खाली ठेवला.

गोळ्यांनी बाईला बराच फरक पडला. सूज गेली, कणीक मळू लागली. पण गोळ्यांचं आणि आमच्या घराचं वेळापत्रक जुळत नव्हतं. बाई दिवस मावळल्यावर पाण्याचा थेंबही घेत नसे, लग्न होऊन आली तेव्हापासून. थंडीत सहाच्या आत सूर्य जातो. रात्रीची गोळी संध्याकाळी पाचला घ्यायची असं ठरवलं, पण पाचला कधी कुणी भेटायला आलेलं असायचं, कधी ती विसरायची, आणि आठवलं की बाहेर अंधार. शिवाय अष्टमीचा उपास, चौदशीचा उपास. आमचा उपास म्हणजे उकळून गार केलेलं पाणी, तेही दिवसा. बाकी काही नाही.

एकदा मी म्हटलं, "बाई, गोळीने उपास मोडत नाही."

"कोण म्हणालं? डॉक्टर? त्यांना उपासातलं काय कळतं."

मी पुढे बोललो नाही. एक दिवसही चुकवायची नाही हे तिला सांगायचं तर का नाही ते सांगावं लागलं असतं.

दिवाळीनंतर ती बदलली. दूध आलं का हे सकाळी चार वेळा विचारायची. आयुष्यभर केलेल्या रोजच्या सामायिकाचे, दोन घटका बसून करायच्या ध्यानाचे, पाठ म्हणता म्हणता मध्येच थांबायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. एक दिवस बायकोला पिठाच्या डब्यात मूठभर गोळ्या सापडल्या. बाई तिला म्हणाली, "तू यात काहीतरी कालवतेस. मला चव कळते." बायको मागच्या खोलीत जाऊन रडली. तीस वर्षं दोघी एका ओट्यावर उभ्या राहिल्या होत्या, भांडल्या होत्या, पण असं कधी झालं नव्हतं. मी बायकोला म्हटलं, "वय झालं तिचं. मनावर घेऊ नको." हे म्हणताना खोक्यातला कागद मला अक्षरासकट दिसत होता.

मग बाजाराच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बाईने मला मागच्या खोलीत बोलावलं. तिची खोली परसाकडे. परसात फरशी, पाण्याची टाकी आणि कपडे वाळत घालायची तार. ती खिडकीशी बसली होती.

"अरे, यांना सोडणार कधी?"

"कुणाला?"

"बैलांना. कालपासून उभे आहेत. दावी इतकी आखूड बांधलीत की मान खाली जात नाही. पाणी कसं पितील?"

मी बाहेर पाहिलं. तारेवर दोन साड्या आणि माझा एक सदरा.

"बाई, बाजार काल उठला. इथे बैल नाहीत."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी लबाडी केली की लहानपणी बघायची तसं. म्हणाली, "दावी आपल्या दुकानातली आहेत. मला ओळखू येत नाहीत का?" मग आवाज खाली आणून, मला एकट्यालाच सांगावं तसं म्हणाली, "ते खात-पीत नाहीत तोवर मी काही घेणार नाही. तू कुणाला सांगू नको."

मला सगळं कळलं. डॉक्टर मॅडमनी सांगितलं होतं ते हेच, आजच तिला गाडीत बसवायला हवं, हेही कळलं. मी खिडकी लावून घेतली आणि बाहेर आलो. दारात बायको उभी.

"काय म्हणत होत्या?"

"जेवायची इच्छा नाही म्हणते."

"आज चौदस आहे का?"

"असेल."

माझा गुन्हा त्या दोन उत्तरांत आहे. पुढचं सगळं त्यावर चढत गेलं.

पहिले दोन दिवस कुणाला काही वाटलं नाही. बाईने याआधी आठ-आठ दिवसांचे उपास केलेले होते. तिसऱ्या दिवशी शेजारच्या बायका शाता, म्हणजे उपासातली खुशाली, विचारायला आल्या. बाई पाटावर ताठ बसली होती, भिंतीकडे बघत. हाक मारली तरी वळेना. हात उचलून सोडला तर तो तसाच हवेत राहायचा. बायका कुजबुजल्या, "किती स्थिर झाल्यात बघा." त्यांनी स्तवन म्हटलं. संध्याकाळी काका आले, तासभर तिच्यासमोर बसले, आणि बाहेर येऊन मला आणि बायकोला म्हणाले, "वहिनींची भावना दिसतेय."

"कसली भावना?" बायकोने विचारलं.

"कसली काय. सत्तरीला आल्या, संसार मार्गी लागला, शरीर साथ देत नाही. संथाऱ्याची. आपल्या घराण्यात अजून कुणी एवढं धैर्य दाखवलं नाही." काकांचे डोळे भरून आले होते. ते ढोंग नव्हतं. काका भले गृहस्थ आहेत, त्यांना जे दिसलं ते ते बोलले. आजार ठाऊक असणाऱ्याने त्यांना थांबवायचं होतं.

बायको चौथ्या दिवशी दुकानात आली. असं ती कधी येत नाही. म्हणाली, "अहो, त्या मला म्हणाल्या, परसातल्या बैलांना पाणी ठेव. आपल्याकडे बैल कधी होते?"

"लहानपणचं काहीतरी आठवत असेल."

"मी बादली भरून परसात ओतली. त्यांनी बघितलं. मग प्यायल्या, चार घोट." ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "हे उपासाचं नाही वाटत मला."

मी म्हणालो, संध्याकाळी बघू.

त्यानंतर दिवसातून दोनदा बायको बादली घेऊन परसात जायची आणि मोकळ्या फरशीवर पाणी ओतायची. खिडकीतून बाई ते बघायची आणि मग उकळलेलं पाणी घ्यायची. बाई पुढचे दिवस जगली ती त्या बादलीवर. माझ्यावर नाही.

दुकानात निमगाव सावाचा एक शेतकरी नेहमी यायचा, बैलांचा शौकीन. दुकानामागेच घर, त्याने आत डोकावून बाईला पाहिलं. म्हणाला, "शेट, म्हातारी लई वाळली. सलाईन तरी लावा की राव."

"उपास आहे तिचा."

"तुमचं उपास म्हंजे अवघडच काम. आमच्यात उपासाला साबुदाण्याची परात लागती." मी हसलो. तो हसला नाही. "खरं सांगू का, माझा एक बैल असाच भितीकडं बघत उभा राहायचा. आमी म्हनलं, गरीब झालाय. त्याला दिसतच नव्हतं."

पाचव्या दिवशी नगरचे पाहुणे आले. बातमी त्यांच्यापर्यंत गेली होती. काकांनीच कळवली होती. मुलाच्या आईने बाईच्या पायांना हात लावला. बाईचे ओठ हलले. "पाणी," ती म्हणाली. मुलाची आई आमच्याकडे वळून म्हणाली, "या अवस्थेतही पाहुण्यांचं पाणी सुटत नाही मनातून." जाताना मुलाच्या वडिलांनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाले, असं घर मिळायला भाग्य लागतं, आमच्याकडून होकार समजा. मला त्या क्षणी आनंद झाला होता. तो लपवून बाकीचं कबूल करण्यात काही अर्थ नाही.

सहाव्या दिवशी ओतूरकडून पायी विहार करत आलेल्या दोन साध्वीजी आमच्या गावच्या जैन स्थानकात उतरल्या. काकांनी विनंती केली, त्या दोघी घरी आल्या. खोलीत पंधरा-वीस माणसं. मोठ्या साध्वीजी साठीच्या असाव्यात. त्या बाईसमोर थोड्या अंतरावर बसल्या आणि घाई न करता विचारू लागल्या.

"आपण कुठे आहात, सांगता येईल?"

बाई गप्प.

"काय सोडायची इच्छा आहे? कशासाठी?"

बऱ्याच वेळाने बाई म्हणाली, "आधी त्यांना पाजा. माझं नंतर."

"कुणाला?"

बाईने खिडकीकडे हात केला. साध्वीजींनी खिडकीबाहेर पाहिलं. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"यांना काही आजार आहे का?"

काका माझ्या डाव्या हाताला उभे होते. दारात बायको. भिंतीशी बसलेल्या दोन बायका नगरच्या पाहुण्यांच्या नात्यातल्या. मी म्हणालो, "नाही. वय झालंय."

साध्वीजी थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. त्या नजरेत राग नव्हता, आणि मी ती अजून विसरलेलो नाही. मग त्या उठल्या. "जागृती नाही," त्या म्हणाल्या. "ज्याला आपण काय सोडतो हे कळत नाही त्याला व्रत देता येत नाही. हा उपासही थांबवा. आधी डॉक्टरांना दाखवा."

त्या गेल्या. काका नाराज झाले. म्हणाले, "थकल्यामुळे बोलल्या नाहीत वहिनी. मनाने तर घेतलेलाच आहे त्यांनी." ज्यांनी फोन करून विचारलं त्यांना काका हेच सांगत राहिले, मनाने घेतलाय. दोन-चार घरं फिरेपर्यंत त्यातलं मनाने गळून गेलं.

साध्वीजींनी इतकं स्पष्ट सांगितल्यावरही मी त्या दिवशी गाडी काढली नाही. बायकोने विचारलं तेव्हा म्हणालो, उद्या बाजार आहे, परवा नेऊ.

बाजाराच्या दिवशी सकाळी दहाला बाईला फिट आली. तोंड वाकडं झालं, टाचा फरशीवर आपटू लागल्या. बायको तशीच रस्त्यावर धावली. समोर त्या निमगावच्या शेतकऱ्याची पिकअप उभी होती, मागे कडबा भरलेला. त्याने आणि बायकोने मिळून बाईला कडब्यावर ठेवलं. मी दुकानाच्या पायरीवर उभा होतो, हातात गिऱ्हाइकाने मागितलेला कासरा.

"शेट," तो म्हणाला, "आता तरी बसा गाडीत."

आळेफाट्याला सुई दिली, तिथून ॲम्ब्युलन्सने पुणे. डोक्याचे फोटो, पाठीतलं पाणी, सगळं झालं. आजार मेंदूत गेला होता. नाकातून नळी घातली, शिरेतून औषधं सुरू केली. डॉक्टर मॅडम बायकोला म्हणाल्या, "यांना मी तेव्हाच सांगितलं होतं. लिहूनही दिलं होतं." बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि डॉक्टरांना विचारलं, "आणखी काय काय लिहिलं होतं?" मॅडमनी एक एक करून सांगितलं. ती ऐकत राहिली. 

तीन आठवड्यांनी बाई परत आली. म्हणजे तिथेच, त्याच खाटेवर, पण ती परत आली. समोर खिचडी ठेवली तेव्हा तिने विचारलं, "किती वाजले? सूर्य आहे ना अजून?" बायको रडता रडता हसली आणि तिने पडदा बाजूला केला. त्या सात दिवसांतलं बाईला काही आठवत नव्हतं. बैलही नाहीत, साध्वीजीही नाहीत. तिच्या लेखी दिवाळी झाली आणि ती दवाखान्यात जागी झाली.

आम्ही बेल्ह्याला आलो. बायका भेटायला येऊ लागल्या, आणि त्यांच्याकडूनच तिला कळलं की तिने संथारा घेतला होता आणि तो मोडला. कुणी टोचून बोललं नाही. उलट समजूत घातली, "तुमचा काय दोष, मुलाने उचलून नेलं." ती समजूतच तिला लागली.

त्या संध्याकाळी तिने मला विचारलं, "मी घेतलं होतं का रे?"

दार उघडं होतं. आत मुलीच्या साखरपुड्याच्या साड्यांचा ढीग पडला होता. मी म्हणालो, "जाऊ दे बाई आता. बरी झालीस ना."

दुसऱ्या दिवसापासून तिने दूध सोडलं. मग गूळ, मग तेल. विचारलं तर म्हणायची, "काहीतरी भरून द्यायला नको का." बायको मला म्हणाली, "तुम्ही सांगा त्यांना. मी सांगितलं तर सून काहीही सांगते असं वाटेल. आणि तोंड तुम्ही बंद केलंत, उघडायचंही तुम्हीच." मी म्हणालो, लग्न होऊन जाऊ दे. लग्न झालं. मग म्हणालो, मुलगी तिकडे रुळू दे. मुलगी रुळली, तिला मुलगा झाला. पुढे मला कारणही लागेना. न सांगण्याचीच सवय झाली.

पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी आमच्यात सगळे सगळ्यांची क्षमा मागतात. वर्षभरात कळत-नकळत काही चुकलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्. हात जोडायचे, म्हणायचं, समोरच्याने तेच म्हणायचं. फोनवर म्हणतात, आता तर छापील फोटो पाठवतात. या रिवाजाइतका आडोसा मला कशाचाच मिळाला नाही. तीन वर्षं मी बाईसमोर हात जोडून ते शब्द म्हटले. नकळतमध्ये सगळं मावतं, कशाची क्षमा ते कुणी विचारत नाही. तिसऱ्या वर्षी तिने माझे जोडलेले हात धरले आणि म्हणाली, "माझं तर कळूनच चुकलं आहे. व्रत घेतलं आणि भुकेपुढे टिकले नाही. घराला खाली बघायला लावलं. तू मनात ठेवू नको."

मी म्हणालो, "मिच्छामि दुक्कडम्, बाई."

त्याच थंडीत तिच्या छातीत कफ झाला. ल्युपसच्या गोळ्यांनी प्रतिकाराची ताकद कमी झालेली असते, त्यामुळे साधा कफही उतरेना. पुण्याहून सांगितलं, आता घरी न्यायचं तर न्या. ती पूर्ण शुद्धीत होती. नातेवाइकांची नावं, तिथी, कुणाला काय द्यायचं, सगळं नीट सांगत होती. नगरहून मुलगी आणि जावई आले. काका तिच्या खाटेशी बसले आणि हळूच म्हणाले, "वहिनी, इच्छा असेल तर साध्वीजींना निरोप पाठवतो. आळेफाट्याला आहेत."

बाईने डोळे मिटले. मग म्हणाली, "इच्छा आहे. पण कोणत्या तोंडाने मागू? एकदा घेऊन मोडलेलं माणूस आहे मी."

बायकोने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला एवढंच म्हणायचं होतं की बाई, तू घेतलंच नव्हतंस. आळेफाटा फार लांब नाही. साध्वीजी चालतच येतात, तरी वेळेत पोहोचल्या असत्या. त्यांनी तिला विचारलं असतं, आणि या वेळी तिने उत्तरं दिली असती. मी जावयाकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि म्हणालो, "बाई, थोडं पाणी घेतेस?"

तिने घेतलं. मी देत होतो म्हणून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

यंदा मुलीचा फोन आला. सकाळी उठल्यावर बोटं वळत नाहीत, डॉक्टर विचारतायत, घरात कुणाला काय होतं. "आजीला वात होता ना, पप्पा?"

तिला मी वात म्हणू शकलो नाही. आजाराचं नाव सांगितलं, आणि एकदा ते सांगितल्यावर थांबता आलं नाही. कागद, बैल, साध्वीजी, नगरच्या पाहुण्यांचा होकार, शेवटचं पाणी. 

"म्हणजे माझ्या लग्नासाठी?"

"तेव्हा मी तसंच समजत होतो."

"मला विचारलं होतं कुणी?"

तिने फोन ठेवला. तिच्या तपासण्यांत तसलं काही निघालं नाही, हे मला बायकोकडून कळलं. माझ्याशी ती अजून बोलत नाही. पण तिने काकांना फोन करून सगळं सांगितलं.

गेल्या आठवड्यात काका दुकानात आले. आता त्यांना काठी लागते. दोरांच्या गुंडाळ्यांमध्ये स्टुलावर बसले.

"मला तरी सांगायचं होतंस," ते म्हणाले. "मी घरोघरी सांगितलं, वहिनींनी घेतला म्हणून. आता घरोघरी काय सांगू?"

"मी लिहून देतो, काका. सगळं. मग ज्याला वाचायचं त्याने वाचावं."

काका उठले, काठी सावरली, पायरीशी थांबले.

"लिही," ते म्हणाले. "पण ज्यांना सांगायचं होतं, त्यांना कोण वाचून दाखवणार?"